चाकाखालचा उंबरा

आमच्या गल्लीच्या टोकाला, उतारावरच्या मोकळ्या प्लॉटात, चाकांवरच्या खोलीसारखा एक जुना ट्रेलर उभा आहे. भाडी परवडेनात म्हणून मंगलताई आणि त्यांचे यजमान त्यातच राहतात. आज सकाळी दूध आणायला गेले, तर मंगलताई चाकाला अडसर म्हणून लावलेल्या दगडाला हळदकुंकू वाहत होत्या.

"अहो, दगडाला?"

"या घराला उंबरा कुठाय? आणि हा दगड काढला, तर घर चाललं उताराला. मग हाच आमचा उंबरा."

मला हसू यायला हवं होतं, पण डोकंच फिरलं, तेही स्वतःवर. आमचं भाड्याचं घर, दर अकरा महिन्यांनी नवा करार आणि मालकांच्या नव्या अटी. भिंतीला खिळा नको, उंबऱ्याला हळदकुंकू नको, म्हणे संगमरवराला डाग पडतात. मी मेली मान डोलावणार, आणि वर या बाईचीच कीव करणार, की बिचारीला घर नाही! पाच घरं बदलली, पण एकाही उंबऱ्याला माझं बोट लागलं नाही.

घरी आले. दूध ओट्यावर ठेवलं, हळद कालवली आणि त्या पांढऱ्याशुभ्र उंबऱ्यावर बोट दाबून ओढलं. मग घाबरून पुसायला गेले, तर डाग खरंच निघेना.

बरं झालं.