घास वाट चुकला

गिरणीच्या कँटीनमध्ये ते मुख्य आचारी होते. खदखदत्या पातेल्यातला रस्सा पळीने तळहातावर घ्यायचा, चाटायचा आणि म्हणायचं, "अजून मूठभर!" म्हणून सगळे त्यांना मीठमास्तर म्हणत. कुणी दुसऱ्यांदा ताट पुढे केलं की त्यांचंच पोट भरायचं.

निवृत्तीनंतर एका सकाळी दाढी करता करता त्यांचं अर्धं अंग लुळं पडलं. हातपाय हळूहळू हलू लागले. जीभ जड झाली, पण थट्टा काही गेली नाही. शेजारच्या गल्लीतली लेक पोटुशी होती, तरी रोज यायची आणि मऊ भात कालवून बापाला चमच्याने भरवायची. कधी ठसका लागत नव्हता, त्यामुळे घरचे निर्धास्त होते. ताप मात्र पुन्हा पुन्हा यायचा आणि छातीत घरघर व्हायची.

डॉक्टर म्हणाले, "घास नक्की कुठे जातोय ते हलत्या एक्स-रेवर बघू."

तपासणीच्या दारातच तंत्रज्ञ बाईंनी लेकीला थांबवलं. "दिवस गेलेल्यांनी आत यायचं नाही. किरणं थोडीच असतात, पण बाळासाठी तीही नकोत."

मग बायको आत गेली. तिच्या अंगावर शिशाचा जड एप्रन चढवला. मास्तरांच्या गळ्यातली साखळी आणि तोंडातली कवळी काढून ठेवली.

"दुखेल का हो?" बायकोने विचारलं.

"अजिबात नाही. साधा एक्स-रे म्हणजे एक फोटो. इथे गिळताना आतलं सगळं हलताना पडद्यावर दिसतं. गरजेपुरतंच मशीन चालू ठेवते मी." बाईंनी पांढरं, दाट औषध कपात ढवळलं. "हे बेरियम. याच्यामुळे घासाची वाट दिसते. चव खडूसारखी लागेल."

मास्तरांनी कपात डोकावून पाहिलं. "जन्मभर लोकांना जेवू घातलं, आणि शेवटी मलाच चुना लावताय होय?"

बाईंना हसू आवरेना. हसू ओसरलं तशी त्यांनी एक चमचा दिला. "आता गिळा."

पडद्यावर मानेची हाडं दिसली आणि त्यांच्यापुढून औषधाची एक काळी रेघ खाली उतरली. मध्येच ती फुटली. अर्धी अन्ननलिकेत गेली, अर्धी पुढच्या वाटेने श्वासनलिकेत. मास्तर शांत बसले होते. साधा खोकलाही आला नाही.

बाईंनी आणखी दाट औषध देऊन पाहिलं, मग औषधात बुडवलेला बिस्किटाचा तुकडा. दर वेळी तेच.

"झालं," त्या म्हणाल्या आणि सवयीने पुढचं बोलू लागल्या, "एकदोन दिवस शौचाला पांढरं होईल, घाबरू नका. घरी गेल्यावर भरपूर पाणी..." तिथेच त्या थांबल्या. "पाण्याचं डॉक्टर सांगतील."

मास्तरांना कळायचं ते कळलं. बाई कवळी परत देऊ लागल्या तर ते म्हणाले, "राहू द्या आता ती."

डॉक्टरांनी तोंडाने खाणंपिणं बंद करून पोटात नळी बसवायचं सांगितलं. बाहेर लेकीचा चेहराच उतरला. "म्हणजे मी भरवत होते ते सगळं छातीत जात होतं? बाबा, मीच..."

"वेडी आहेस का? ठसका लागला नाही, तर तुला कळणार कसं?" मास्तर म्हणाले. "तू भरवलंस, मी जेवलो. एवढंच खरं."

त्यानंतर बायको मोरीच्या कोपऱ्यात उभ्यानेच दोन घास खायची. एकदा मास्तरांनी पाहिलं आणि भडकले. "अगं, चोरून काय खातेस? इथे बस, माझ्यासमोर. माझं पोट भरलंय नळीने."

ती बसली. एक घास घेतला आणि रडत रडत चावत राहिली. ते तिच्याकडे बघत होते. म्हणाले, "मीठ कमी आहे ना? तुझ्या तोंडावरूनच कळतंय."

लेकीला मुलगी झाली. मास्तर बाळाच्या गळ्याकडे तासन्‌तास पाहत बसायचे. "बघ कशी गटागटा पितेय. कुणी शिकवलं हिला?"

थंडीत ताप पुन्हा चढला, आणि या वेळी तो उतरला नाही. मास्तर गेले. नळी असली तरी लाळ चुकीच्या वाटेने जाऊ शकते, असं डॉक्टरांनी लेकीला समजावलं. "तुमच्या चमच्याचा यात काही दोष नाही," हेही सांगितलं.

लेकीने मान डोलावली. घरी आल्यावर तिने आईला विचारलं, "आई, खरंच नसेल ना गं?"

आईने बाळाला तिच्या मांडीवर दिलं आणि तिच्याजवळ बसून राहिली.