जावळाच्या भाकऱ्यांचा ॲडव्हान्स

माझं शुद्धलेखन चुकेल, अक्षरही वाकडं आहे. चौथीनंतर ऑर्डर टिपण्यापुरतीच पेन्सिल धरली. वही कुणाला दाखवायची नाही, म्हणून लिहिते.

दहिवलीची दर्शना दारात आली तेव्हा मी परातीत उकड मळत होते. उकड म्हणजे उकळत्या पाण्यात शिजवलेलं तांदळाचं पीठ. मी जेवणावळींना भाकऱ्या करून देते.

"काकी, जावळाचं जेवण कॅन्सल. ॲडव्हान्स परत द्या."

चारशे भाकऱ्यांची ऑर्डर होती. तीन हजार आधी घेतले होते.

तिचा वेद नवसाचा. कुलदेवीपुढे जावळ काढेपर्यंत केसांना कात्री लावायची नाही. जावळ म्हणजे बोकड आणि सगळ्या भावकीला जेवण. तेवढे पैसे जमेनात, म्हणून चार वर्षांच्या पोराचे केस पाठीवर आलेले. इंग्लिश शाळेत मुलं वेणी ओढायची. त्यात शनिवारपर्यंत फीचा हप्ता भरायचा होता. दर्शनाने ठरवलं, घरच्यांनीच देवीला जायचं, नारळ ठेवायचा, मामाने केस कापायचे आणि पैसे शाळेत भरायचे.

"देवीला चालेल?" मी विचारलं.

"देवीला चालंल ओ. भावकीला नाय चालायचं."

पण पैसे होते कुठे? आदल्याच दिवशी मी ते माझ्या पूजाच्या दहावीच्या क्लासला भरले होते. "उद्या येते," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तिच्या घरी जाऊन खरं ते सांगितलं.

"म्हंजे माझ्या पोराच्या बोकडावर तुमची पोर शिकते?" दर्शना म्हणाली.

तिची सासू मात्र खूश झाली. "बरं झालं! पैसं गेलंच हायत, तर घाला जेवण. देवीच्या मनात हाय."

"आई बोलते त्यात काय चूक नाय," नवरा हळूच म्हणाला.

दर्शना माझ्यामुळे हरत होती. मी परक्या घरात कधी बोलत नाही. तरी म्हटलं, "शनिवारी सकाळी आणून देते."

"कुठनं गं? भाकऱ्या थापून?" सासू म्हणाली.

"थापूनच."

खालापूरच्या एका फार्महाऊसचा मॅनेजर मला नेहमी बोलवायचा. अनोळखी लोकांत जायला नको म्हणून मी टाळायचे. त्या दिवशी मीच फोन लावला.

"शुक्रवारी दुपारला दीडशे लागतील. जमंल ना?"

"पैसे जाग्यावर द्याल?" असं मी जन्मात कुणाला विचारलं नव्हतं.

"देतो ना, काकी."

पीठ-गाडीचं वजा जाता दोन हजार हातात आले. शनिवारी दर्शनाला दिले. हजार कमीच होते.

"ते मी भावाकडनं घेते," ती म्हणाली. "पण त्याला परत द्यायचेत. तुमी कधी देनार ते सांगा."

"दोन महिन्यांत."

फी भरली. रविवारी मामाने वेदला मांडीवर घेऊन पहिली बट कापली. सासू वाटभर कुरकुरत गेली, पण नारळ तिनेच उचलून नेला.

तेव्हापासून एक शिकले. भाकऱ्या पोचेपर्यंत ॲडव्हान्स गिऱ्हाइकाचाच असतो, त्याचा डबा वेगळा ठेवायचा.

हजारातले पाचशे पहिल्या महिन्यात दिले. उरलेले द्यायला गेले तेव्हा दर्शना वेदला शाळेतून आणायला गेली होती. सासूच्या हातात दिले. तिने दोनदा मोजले.

"फिटलं गं," म्हणाली.