गादीवाल्याच्या पोरीची गादी

शिवाजी पेठेतल्या दस्तगीर नदाफला दुखणी दोनच. एक कापसाच्या तुसाचा खोकला आणि दुसरं धाकटा भाऊ कामिल. खोकल्यावर ज्येष्ठमध तरी चालायचा. कामिलवर उतारा नव्हता.

तसा दस्तगीर वाईट माणूस नव्हे. पन्नाशी ओलांडलेला, अंगानं वाळका, भुवयांवर कायम कापूस. पेठेत लग्न ठरलं की लोक मांडववाल्याच्या आधी त्याच्या दुकानाची पायरी चढत. पिंजायला आता यंत्र आलं होतं, पण खोळीत कापूस लावणं, काठीनं झोडून तो सारखा करणं आणि दाभणानं टाके घालणं हे तो अजून हातानंच करी. जुनी गादी दुरुस्तीला आली की उसवायच्या आधी तिच्यात दाभण मुठीपर्यंत खुपसून बघायचा. आत कापूस मऊ आहे की त्याचे गोळे झालेत, हे त्याच्या बोटांना कळे. बापाकडून उचललेली खोड ती. मग तो मान हलवायचा, आणि ती मान बघून गिऱ्हाइकाला आपल्याच गादीची लाज वाटायची.

कामिलला यातलं काही येत नव्हतं आणि न येऊन त्याचं काही अडतही नव्हतं. दस्तगीरचं पोट तिथंच दुखायचं. नवी गादी भरताना खोळीत कापसाची पहिली मूठ घरातल्या सगळ्यात लाडक्या पोरानं टाकायची, असा त्यांच्या घरचा रिवाज. कामिल जन्मेपर्यंत ती मूठ दस्तगीरची होती. कामिल चालायला लागला आणि ती गेली ती गेलीच. दस्तगीरच्या हातात काठी आली. पुढं बापाच्या मांडीवर बसून मुठी टाकणाऱ्या या पठ्ठ्यानं मिसरूड फुटल्यावर दाभणाला हातसुद्धा लावला नाही. डोंगर हिंडला, दोस्त जमवले आणि कळंब्याच्या रस्त्याला तंबू, पाठपिशव्या न् बॅटऱ्या विकायचं दुकान टाकलं. सुट्टीच्या दिवशी लोकांना शाहूवाडीच्या डोंगरात नेऊन तंबूत झोपवायचा.

"घरची गादी सोडून दगडावर झोपायला लोक पैसे मोजत्यात," दस्तगीर म्हणायचा, "आन् आमी येडे गाद्या भरत बसलोय."

"सख्ख्या भावावर किती जळतासा ओ," बायको जरीना म्हणायची. तिला खोटं गोड बोलता येत नसे.

हे सगळं एकवेळ चाललं असतं. पण आता गोष्ट फरहीनवर आली होती.

फरहीन ही दस्तगीरची एकुलती एक पोर. लहानपणी तिला थंडी सोसायची नाही, छाती घरघरायची, रात्र रात्र घर जागं असायचं. तेव्हा दस्तगीरनं निवडून निवडून सावरीचा कापूस आणला आणि तिच्यापुरती गादी भरली. त्या गादीवरच पोर वाचली अशी त्याची ठाम समजूत होती. डॉक्टरच्या औषधाला तो त्यात धरतच नसे. दरवर्षी थंडीच्या तोंडावर तो ती गादी उसवून पुन्हा पिंजायचा आणि पहिली मूठ फरहीन टाकायची. पोरगी कॉलेजला गेली तरी हे चुकलं नव्हतं. यंदा चुकलं. दस्तगीर खोळ पसरून वाट बघत बसला आणि पोर आली ती दिवेलागणीला.

"चाचांच्या दुकानात गेलतो," ती म्हणाली. कोल्हापूरची पोर, ती गेलतोच म्हणणार. "आमच्या वर्गाची सहल हाय अब्बा, शाहूवाडीच्या सड्यावर. झाडंझुडपं बघायची, तंबूत ऱ्हायाचं. चाचाच नेणार हाईत."

दस्तगीरला आधी थंडी आठवली. पौषाची थंडी, डोंगरमाथ्यावरचा उघडा सडा, आणि हिची छाती. पण खरं सांगायचं तर थंडीहून जास्त झोंबला तो 'चाचाच'.

 दुसऱ्या दिवशी त्यानं दुकानाचं एक दार लोटून घेतलं आणि पोरीसाठी अरुंद, गुंडाळता येईल अशी गादी भरली. कापूस असा पिंजला की फुंकर मारली तर उडावा. टाके जवळजवळ घातले. संध्याकाळी गादी बांधून तिच्यापुढं ठेवली. फरहीननं ती उचलून बघितली आणि हसत सुटली.

"अब्बा, ही पाठीवर घिऊन डोंगर चढायचा? माझ्यापेक्षा हीच जड हाय की! शिवाय सड्यावर लई दव पडतंय. कापूस पानी पितोय, तुमीच तर सांगतासा."

ते खरंच होतं, आणि त्यानंच तिला शिकवलं होतं. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात. दस्तगीरची गादी सगळ्या पेठेत चालत होती, घरात चालेना.

पोर तंबूत अंथरायचं पॅड बघायला चाचाच्या दुकानी निघाली तेव्हा दस्तगीर न बोलवता मागनं गेला. कामिलनं मोठ्या भावाला खुर्ची दिली, चहा मागवला आणि एकेक पॅड जमिनीवर मांडलं. आधी घडीचं फोमचं. "ह्ये लई टिकाऊ, पण पाठीला टोचतंय." मग एक जाड, नुसत्या हवेचं. फरहीन त्यावर बसली, खुशीत डुलली.

"त्यावर भुलू नगंस," कामिल म्हणाला. "जाड दिसतंय, पण आत नुसती हवा. भुई गार पडली की आतली हवा बी गार. तळ्यात झोपल्यागत वाटतंय. अंथरूण मऊ पायजे ह्ये खरं, पण पयलं भुईची थंडी अडवणारं पायजे." आणि त्यानं एक नारिंगी पॅड काढलं. गुंडाळी हातभर, वजन भाजीच्या जुडीएवढं. फुगवल्यावर टम्म झालं. "ह्येच्या आत चंदेरी पापुद्रं हाईत. अंगातली ऊब परत अंगाला देत्यात. आपल्या फरहीनच्या छातीला ह्येच."

आपल्या फरहीनच्या! दस्तगीरनं चहा न पिताच खाली ठेवला. पोरीची छाती ही आजवर त्याची एकट्याची काळजी होती, आणि हा बघा, पापुद्रे दाखवून तीही पळवतोय.

फरहीन त्या नारिंगी पॅडवर आडवी झाली. कुशीवर वळली. डोळे मिटले आणि तोंडभर हसली. लहानपणी नव्या पिंजलेल्या गादीवर टाकलं की ती अशीच हसायची. दस्तगीरनं ते हसू ओळखलं आणि त्याला वाटलं, आपल्या घरातली वस्तू कुणीतरी भर बाजारात मांडली आहे.

"भाई, तुमी बी झोपून बघा की," कामिल म्हणाला.

"मला झोपा लागत्यात घरात," दस्तगीर म्हणाला आणि उठला.

पॅड घरी आलं. निघायच्या आदल्या दुपारी फरहीननं ते फुगवून माडीवर ठेवलं आणि मैत्रिणीकडं गेली. जरीना शेजारी गेलेली. दस्तगीर वर आला आणि त्या नारिंगी वस्तूपुढं उकिडवा बसला. दाबून बघितलं, टिचकी मारली, नाक लावून वास घेतला. काय आहे याच्या पोटात एवढं? ज्यानं कधी मूठभर कापूस पिंजला नाही, त्यानं विकलेल्या चिजेत असं काय असावं की पोरीनं बापाची गादी बाजूला सारावी? मान हलवावी असं काहीतरी आत सापडायलाच हवं होतं.

दाभण नेहमीसारखा सदऱ्याला खोचलेला होता. हातानं तो कधी काढला, कधी टोचला, हे त्याला कळलंच नाही, असं तो पुढं स्वतःला सांगत राहिला. जन्मभराची खोड, हात आपसूक गेला, हे खरंच आहे. पण टोक आत शिरताना मनाला गोड वाटलं, हेही तितकंच खरं.

फुस्स करून बारीक आवाज झाला. दस्तगीरनं दाभण उपसून भोकावर बोट दाबलं. बोट काढलं की फुस्स, ठेवलं की गप्प. काही वेळ तो तसाच बसून राहिला. मग जिन्यावर पाऊल वाजलं आणि त्यानं बोट काढून घेतलं. फरहीन वर आली, घाईघाईत झडप उघडून पॅड दाबलं, गुंडाळून पिशवीत भरलं. आतली थोडी हवा आधीच गेली आहे हे तिच्या ध्यानात आलं नाही.

सकाळी गाडी पेठेच्या तोंडाशी उभी होती. दस्तगीर आपली गुंडाळलेली गादी खांद्यावर मारून तिथं गेला. त्याचा हिशेब सरळ होता. गादी सोबत गेली की पॅड फुसकं निघालं तरी पोर उघडी पडणार नाही, आणि कुणाची गादी कामाला आली हेही सगळ्यांना दिसेल.

"अब्बा, पुन्हा?" फरहीननं मैत्रिणींकडं बघत मान खाली घातली. "न्या की ती घरला."

"टाका वर टपावर, भाई," कामिल म्हणाला. "जागा हाय. गाडी तंबूपतूर जात न्हाई, पर मी घिऊन चढतो की पाठीवर."

तेवढं एक वाक्य तो बोलला नसता तर! भावाची गादी पाठीवर घेऊन डोंगर चढायला तयार झालेला कामिल बघून दस्तगीरच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. उपकार! पोरीसमोर! "ऱ्हाऊ दे," तो म्हणाला, "माझी गादी भीक मागत न्हाई." एवढंच म्हणायचं होतं की पोरी, ते पॅड एकदा फुगवून बघ. ते शब्द जिभेवर आले आणि तिथंच बसले. गाडी गेली. गादी खांद्यावर घेऊन तो पेठेतनं परत आला, तेव्हा तालमीच्या कट्ट्यावरचा जोतीराम ओरडला, "काय दस्तगीर, नवरीनं गादी परत पाठवली व्हय?"

मग जे दोन दिवस गेले ते त्याचं त्यालाच ठाऊक. खाई त्याला खवखवे. अंगावर दोन वाकळा घेऊन पडला तरी पाठीखाली गार भुई लागायची. पोरीची छाती घरघरतेय असा भास व्हायचा आणि तो उठून बसायचा.

"कशाला घोर करतासा," जरीना म्हणायची. "कामिलभाई हाईत की संगं."

यावर तो कूस बदलायचा. तिनं दुसऱ्या कुणाचंही नाव घेतलं असतं तर त्याला धीर आला असता.

फरहीन परत आली ती ठणठणीत. गाल उन्हानं रापलेले, तोंडाची टकळी सुरू. कुठली फुलं, कुठली वेल, गव्यांचा कळप कसा लांबनं दिसला. मग म्हणाली, "आन् अब्बा, माझं पॅड पयल्याच रात्री बसलं! खाली बर्फ व्हता नुसता. चाचांनी आपलं काढून मला दिलं. सोता ताडपत्रीवर झोपले, दोनी रात्री. सकाळी त्यास्नी उठवंना. पॅडला करवंदीचा काटा शिरला म्हनले."

दस्तगीरनं आधी सुस्कारा सोडला. पोर उबेत झोपली, अल्लाची मेहेरबानी. आणि त्या सुस्काऱ्यापाठोपाठ तीच जुनी कळ उठली. पोरीच्या आणि थंडीच्या मधे पडायचं काम त्याचं होतं. थंडी त्यानं धाडली, आणि मधे पडला कामिल. पोर आता जन्मभर ही गोष्ट सांगणार, आणि दर वेळी त्यात चाचाच असणार.

दोन दिवसांनी कामिल दुकानात आला. कमरेत वाकलेला, एक हात पाठीवर. पायरी चढताना दातओठ खाल्ले. आला आणि कापसाच्या ढिगाला टेकून बसला.

"पाठ धरलीया, भाई. गादी भरून द्या एक. जाड."

दस्तगीरनं खोळ काढली.  मग कामिल हळू आवाजात म्हणाला, "भोक वरच्या अंगाला व्हतं, भाई."

दस्तगीरचा हात थांबला.

"काटा खालनं शिरतो," कामिल म्हणाला. "वरनं सरळ उभं भोक कशाचं, ते मला कळतंय. मी बी नदाफाचाच पोरगा हाय. अब्बांच्या मांडीवर बसून दुसरं काय बघितलं मी?"

"पोरीला..." दस्तगीर खोळीची सुरकुती ओढत म्हणाला.

"तिला काटा म्हनूनच सांगितलंय. तेच ऱ्हाऊ दे."

त्यानं भांडावं, आईबाप काढावेत, चार पावण्यांत अब्रू घालवावी, असं दस्तगीरला मनापासून वाटत होतं. शिव्या खाल्ल्या असत्या तर फिटंफाट झाली असती. पण कामिल भिंतीला टेकून नुसता कण्हत होता. दस्तगीरनं कापूस पिंजला. खोळीचं तोंड उघडलं, एक मूठ कापूस उचलला आणि भावापुढं धरला.

"टाक," तो म्हणाला.

कामिलनं बघितलं, हसला, आणि पोरागत मूठ आत टाकली. दस्तगीर पुढं कामाला लागला. कापूस लावला, काठीनं झोडला, टाके घातले. शेवटच्या टाक्याचा दोरा तुटतोय न तुटतोय तोवर कामिल त्या गादीवर आडवा झाला आणि बघता बघता घोरायला लागला.

फरहीन चहा घेऊन आली आणि दारातच थबकली. कप ठेवून तिनं आपली ओढणी काढली आणि चाचाच्या अंगावर घातली.

"अब्बा, बघा की कसले झोपल्यात," ती कुजबुजली. "जिवाला कसलाच घोर न्हाई."

"व्हय," दस्तगीर म्हणाला. ती सहलीला गेल्यापासून त्याचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. दाभण सदऱ्याला खोचून तो भावाच्या उशाशी बसला. कामिलच्या झोपेचा त्याला एवढा हेवा वाटला, एवढा हेवा त्याला जन्मात कधी वाटला नव्हता.