फिल्मवर उमटलेलं जाळं

लविनाने काचेवरची फिल्म प्रकाश गाळणाऱ्या दोन पोलरॉइड पट्ट्यांच्या मधे धरली. काच सगळीकडे सारखी उजळ दिसायला हवी होती. तिच्यावर काळोखात उजळ रेघांनी मासेमारीचं जाळं उमटलं होतं, गाठींसकट.

मी मालवणात फिजिक्स शिकवतो. लविनाचं एमएस्सीचं प्रोजेक्ट माझ्याकडे होतं. बाहेरचे परीक्षक शेजारच्या खोलीत चहा घेत होते आणि दमट हवेतून वाचलेली एवढीच एक फिल्म होती. ती लविनाने काल घरी नेली होती.

"घरी या फिल्मला कोणी हात लावला?" मी विचारलं.

लेकीचं प्रोजेक्ट बघायला आलेली तिची आई दारातच होती. "हिची पेटी ओली लागली म्हणान सुक्या बांगड्यांवांगडा उन्हात घातलंय. कावळे येतत, म्हणान वर जाळा."

आता कळलं. फिल्म सुकत घातलेल्या माशांसोबत उन्हात पडली होती आणि वर जाळं पसरलेलं होतं. लिक्विड क्रिस्टलमध्ये आम्ही थोडा रंग मिसळतो. रंगाचे रेणू काडीसारखे लांबट. प्रकाशाची कंपनं त्यांच्या लांबीच्या दिशेने आली की ते प्रकाश शोषतात आणि वळत राहतात. काटकोनात गेले की सुटतात. जाताना शेजारच्यांनाही वळवतात. उन्हात कंपनं चहूबाजूंची. सुटायला एकच दिशा उरते, सूर्याकडे तोंड करून उभं राहायचं. उभे रेणू पोलरॉइडमधून काळे दिसतात; दोराच्या सावलीतले तेवढे आडवेच, म्हणून उजळ राहिले होते.

परीक्षक आले. त्यांनी काच पोलरॉइडमधून पाहिली.

"हे लेसरने लिहिलंत?"

"नाही सर, उन्हाने. वर पप्पांचं जाळं होतं."

"या कोपऱ्यात गाठी जाड का?"

"तिथे फाटलं होतं. पप्पांनी शिवलंय."

तिचे वडील गेल्या वर्षी वारले. हे परीक्षकांना माहीत नव्हतं.

"छान. आता पुसून दाखवा. नाही पुसलं तर रेणू वळले की रंग जळला, कसं कळणार?"

प्रश्न रास्त होता, त्यावरच पास-नापास ठरणार होतं. लविनाचा हात लेसरच्या बटणावर अडला. मला वाईट वाटत होतं.

"पूस गो बाय," आई म्हणाली. "जाळा घरात आसा."

लविनाने बटण दाबलं. एका दिशेच्या कंपनांचा प्रकाश फिल्मवर पडला, उभे रेणू पुन्हा आडवे होत गेले. काळोख विरत गेला, काच सारखी उजळली. कडेला झोत कमी, म्हणून शिवलेला कोपरा शेवटी गेला.

लविना पास झाली. आई पोलरॉइड हातात घेऊन कोरी काच बराच वेळ बघत राहिली. खिशात फोन सगळ्यांच्याच होते.

तेव्हापासून लॅबमध्ये माझा एकच नियम आहे. पुसण्याआधी फोटो काढायचा.