खैराची शिट्टी वाजली अन् मी धावली

बायाहो, सकाळपासून जीव थाऱ्यावर नाई.

आमचा बुढा, म्हंजे माहा नवरा, वावरात बसून लाकडाच्या शिट्ट्या कोरते. तिथं मोबाईल लागत नाई, अन् धुऱ्याच्या बांधावर वाघाचे पंजे उमटलेले दिसले तवापासून मीच खूण ठरवली. सागाची जाड आवाजाची वाजली तं सगळं बराबर. खैराची बारीक वाजली तं मी धावत यायचं.

आज खैराची वाजली. कणकीच्या हातानंच काठी उचलली अन् पळाली. पाह्यतो तं बुढा निंबाखाली बसून हासून राह्यला!

"काऊन वाजवली?"

"अवं, खैराची नाई थे. शिसमची नवीन कोरली, वाजवून पाह्यली."

"दोन्हीचा आवाज एकच! वाघानं सोडलं तं मीच खातो तुमाले!"

रागारागात साऱ्या शिट्ट्या पदरात बांधून घरी आणल्या.

आता दुपार उलटली. वावराकडून काईच आवाज नाई. येईन कसा? शिट्ट्या तं माह्या पदरात! बसवत नाई, काम सुधरत नाई.

सागाची अन् खैराची परत द्यायले निघाली. बुढा हासन, हासू दे. शिसमची मात्र चुलीत घातली.

तुमच्या घरचा मानूस बाहेर बरा हाये, हे तुमाले कायवरून समजते वं?