करकंबची नणंद

मृत्यू दारात उभा राहिला की आपली खरी माणसं कोण ते कळतं. आमची त्या वेळी हॉस्पिटलबाहेर चहाच्या गाडीवर होती.

मी सोलापुरात एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. भुताखेतांची पुस्तकं लोकांना मीच काढून देते, पण विश्वास कधी ठेवला नाही... अजूनही ठेवत नाही. जे झालं तेवढंच सांगते.

मागच्या मे महिन्यातली दुपार. माझी धाकटी बहीण रेखा – सासर मंद्रूपजवळ – बाळंत झाली. मुलगी ठणठणीत होती, पण रेखाचा रक्तस्राव थांबेना. डॉक्टर म्हणाल्या, दोन पिशव्या रक्त लागेल. रक्तपेढीत साठा संपत आलेला. एका पिशवीमागे एक बदली दाता आणा, गट कुठलाही चालेल. पहिल्या पिशवीसाठी रेखाच्या नवऱ्याने, महेशने रक्त दिलं. दुसरीसाठी मी व्हरांड्यात आले, तर मघाशी ‘मुलगा का मुलगी’ विचारायला जमलेले सासरचे सगळे पुरुष गायब. एक चुलतसासरे तेवढे सापडले.

“मामा, रक्त द्यायचंय.”

“मला शुगर हाय की.”

“कधीपासून?”

“आत्ताच चक्कर आली बगा.”

मग मी आणि रेखाची चुलत जाऊ सुनंदा, आम्हीच गेलो. टेक्निशियनने बोटांना सुई टोचली. रक्त द्यायला हिमोग्लोबिन साडेबारा तरी लागतं. सुनंदाचं आठ निघालं, माझं नऊ.

“मॅडम, तुम्हालाच रक्त द्यायची वेळ आलीय,” तो म्हणाला.

“आन् मी रोज धा घागरी पाणी वाहती!” सुनंदा बोट दाबत म्हणाली. आम्हाला दोघींना हसू आलं. वर रेखा पांढरी पडत चालली होती.

मी चहाच्या गाडीवर जाऊन पंधरा मिनिटं भांडले. एकाला उपास होता, एकाला कालच ताप येऊन गेला होता. एकटीच परत आले, तर रक्तपेढीच्या बाकावर एक बाई कोपरात कापूस दाबून बिस्किटं खात बसलेली. पन्नाशीची, जांभळं लुगडं, पायात रबरी चप्पल.

“दुसरी पिशवी वर पाठवली,” टेक्निशियन म्हणाला. “या आल्या ना तुमच्या.”

“ताई, तुम्ही कोण?”

“रेखाची नणंद की.” मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, “पयलं सातव्यात गेलं, त्ये बी पोरगीच व्हतं. आता रडू नगा. ह्या दोगी ऱ्हातील.”

मी वर पळाले. संध्याकाळपर्यंत रेखा सावरली.

मग डोकं चालू लागलं. महेश एकुलता एक. चुलत, मावस – बहीणच नाही कुठली. आणि रेखाचं पहिलं बाळ माहेरी असताना सातव्या महिन्यात दगावलं होतं. ती मुलगी होती हे आम्ही सासरी सांगितलंच नव्हतं. केसपेपरवर वाचलं असेल म्हणावं, तर जुना केसपेपर माझ्याच पर्समध्ये. रजिस्टरमध्ये नोंद सापडली: सुमन, करकंब, मोबाइल नाही, हिमोग्लोबिन चौदा. करकंबला आमचं कोणी नाही.

टेक्निशियनला यातलं काहीच विचित्र वाटलं नाही. “पण चौदा! आपल्याकडच्या बाईचं चौदा मी आजवर पाहिलं नाही. मशीन बिघडलं म्हणून दोनदा टोचलं.”

सासूबाईंना मात्र शंका नाही. “देवीच आली व्हती. रेखाच्या अंगात आता देवीचं रगात हाय.” तेव्हापासून रेखाला सगळ्यांच्या शेवटी जेवू देत नाहीत. रोज अंडं मिळतं, दूध मिळतं. महेश पाणी भरतो.

टेक्निशियनने नंतर एवढंच सांगितलं, की ताजं रक्त लगेच चढवत नाहीत. तपासण्या व्हाव्या लागतात. रेखाला दिलेल्या दोन्ही पिशव्या आधीपासून फ्रिजमध्ये होत्या. सुमनबाईंची पिशवी चार दिवसांनी मूळव्याधीच्या एका पेशंटला गेली.