डावीकडचा वार

मरावे ते जयसिंगराव शितोळ्यांनी, असे देवासच्या आमच्या मराठी मंडळात सगळेच म्हणत. नाटकांत त्यांचा गळा दाबला गेला, त्यांना विष पाजले गेले, कड्यावरून ढकलले गेले. मांडवगडला चित्रीकरणासाठी येणाऱ्या सिनेमांत आणि मालिकांत ते डाकू झाले, जमीनदाराचे पहिलवान झाले, आणि दर वेळी शेवटाच्या आधी मेले. पोटासाठी पीथमपुरच्या कारखान्यात नोकरी होती. सकाळी शिफ्टच्या बसमध्ये चढले की कोणीतरी ओरडायचेच, "क्यों भिया, आज कौन मार रिया है?"

"आज सुट्टी आहे," जयसिंगराव म्हणत. "आज जिवंत आहे."

मार त्यांना घरातूनच मिळाला होता. आजोबा संस्थानचे कारभारी, त्यामुळे मुलाने तोंडाला रंग फासणे वडिलांना, उदाजीराव आबासाहेबांना, सहन होण्यासारखे नव्हते. गणेशोत्सवातल्या पहिल्याच नाटकानंतर त्यांनी जयसिंगरावांना अंगणात उभे करून घोड्याच्या चाबकाने फोडून काढले. पण माणूस शिस्तीचा. मारण्याआधी जागा सांगायचे. "पाठ," म्हणायचे, मग चाबूक. "पोटरी," मग चाबूक. रक्त आले तरी क्रम चुकला नाही.

"आबासाहेब बोलले की तेवढं अंग घट्ट करायचं," जयसिंगराव पुढे हसत सांगत. "मारलं खूप, पण फसवलं कधी नाही."

मंडळात त्यांनी हाच नियम लावला. लुटुपुटीच्या लढाईत वार करणाऱ्याने आधी हळूच जागा उच्चारायची. खांदा. कंबर. मान. प्रेक्षकांना ऐकू जात नसे आणि समोरचा बरोबर त्या शब्दावर वार झेलत असे.

हा नियम एकदाच मोडला, मांडवगडला. एका सिनेमात चौघे त्यांना बांबूने मारत होते. मारामारी बसवणाऱ्या मास्तरने दम भरला, "कोई बोलेगा नहीं. क्लोजअप है, होंठ हिलते दिखते हैं." तिसऱ्या फटक्याला बांबू चिरला आणि त्याचे टोक जयसिंगरावांच्या डाव्या डोळ्यात गेले. ती किंकाळी सिनेमात तशीच ठेवली आहे. लोक अजून तिची तारीफ करतात.

इंदूरच्या डॉक्टरांनी बुबुळ वाचवले, नजर गेली. डोळा दिसायला मात्र धडधाकट राहिला. ही गोष्ट फक्त पत्नीला, दुर्गाबाईंना माहीत होती. एकाक्ष नटावर तलवार उगारायला कोण तयार होणार? त्यानंतर कितीतरी वर्षे डावीकडून येणारा प्रत्येक वार त्यांनी निव्वळ कानाने झेलला.

गेल्या वर्षी मंडळाने जुने ऐतिहासिक नाटक पुन्हा काढले. फितूर किल्लेदार अर्थातच जयसिंगराव. त्याला मारणारा शिलेदार अनीश, पीथमपुरलाच काम करणारा, आडदांड आणि मनाने मऊ. त्याला मराठी वाचायला जड जाई, म्हणून आईकडून संवाद ऐकून त्याने पाठ केले होते. तलवारी लोखंडाच्याच, फक्त धार बोथट केलेली. इथे घरोघरी दसऱ्याला तलवारीची पूजा होते, पत्र्याची तलवार कोणी चालवून घेत नाही. एकदा वापरली तर मागच्या रांगेतून आवाज आला होता, "अरे, चिमटा-तवा बज रिया है!"

या वेळी नटांच्या छातीवर छोटे माइक लावायचे होते. दिग्दर्शिका मेधाने तालमीतच बजावले, "काका, वार करताना कोणीही बोलायचं नाही. स्पीकरवर खांदा, कंबर, मान ऐकू येतंय. लोकांना वाटेल मटणाचं दुकान आहे."

जयसिंगरावांनी तलवार उचलली. त्याच दिवशी अनीशची तलवार डावीकडून आली आणि त्यांचा कान फाडून गेली.

"काका, आप हटे क्यों नहीं?" अनीश घाबरून म्हणाला. "मी तर बरोबर आलो होतो!"

"तुझा पाय चुकला, भिया."

बिचाऱ्याने ते खरे मानले. पुढचे कित्येक दिवस तो रिकाम्या मंचावर एकटाच पाय घोटत असे.

घरी कानावर पट्टी बांधताना दुर्गाबाई म्हणाल्या, "मेधाला सांगून टाका."

"सांगितलं की किल्लेदार गेला."

"आणि नाही सांगितलं तर उरलेला डोळा जाईल. तुम्हाला मरायची सवय आहे हो, आंधळं होऊन जगायची नाही."

"एवढं एक नाटक होऊ दे."

"मांडवगडलाही हेच म्हणाला होतात. एवढा एक शॉट."

जयसिंगरावांनी मेधाला सांगितले नाही. त्यांनी दुसरीच वाट काढली.

प्रयोगाला सभागृह भरले होते. शेवटचे द्वंद्व सुरू झाले आणि किल्लेदार शिलेदारावर गरजला, "ये! खांद्यावर मार! आहे हिंमत?"

हे वाक्य नाटकात नव्हते. अनीश क्षणभर गोंधळला, मग त्याने खांद्यावर वार केला. जयसिंगरावांनी तो खणकन झेलला.

"आता कंबर! की हात थरथरतोय?"

पुन्हा खणखणाट. शिट्ट्या पडल्या. "क्या बात है, काका!" कोणीतरी ओरडले. विंगेत मेधा संहितेची पाने उलटत राहिली.

त्या शिट्ट्यांनी अनीशला चेव आला. पुढचा वार त्याने किल्लेदाराचा शब्द निघण्याआधीच केला. तलवार डावीकडून आली आणि तिच्या टोकाने जयसिंगरावांची उजवी भुवई उभी फोडली. रक्त डोळ्यात उतरले. आता त्यांना काहीच दिसेना.

लोकांना तो रंग वाटला. टाळ्या वाढल्या. जयसिंगराव तलवार दोन्ही हातांनी धरून चहूकडे फिरवू लागले. पहिला घाव लाकडी खांबात रुतला. त्यांनी तो उपसला. दुसऱ्याने मागचा पडदा फाडला. तिसरा अनीशच्या दंडावर बसला. बोथट लोखंडानेही बाही आणि कातडी दोन्ही उलगडली.

"काका, मी आहे," अनीश पुटपुटला. टाळ्यांत ते कोणालाच ऐकू गेले नाही, जयसिंगरावांनाही नाही. त्यांची तलवार पुन्हा वर गेली.

तेव्हा अनीशने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले. उजवा डोळा रक्ताने मिटलेला. डावा स्वच्छ, उघडा, आणि तरी त्याच्याकडे न पाहणारा. तालमीत काकांचा कान का फाटला हे त्याला त्या क्षणी कळले. पळायला विंग दोन हातांवर होती. तो पळाला नाही.

"मनगट!" तो छातीवरच्या माइकात ओरडला. सगळ्या सभागृहात तो शब्द घुमला.

जयसिंगराव जागच्या जागी थांबले. त्यांनी मनगट घट्ट केले. अनीशने तलवारीची चपटी बाजू त्यावर हाणली आणि त्यांची तलवार खाली पडली.

"मान!"

म्हाताऱ्याने मान झुकवली. पाते पाठीवरून सणाणत गेले. किल्लेदार गुडघ्यांवर आला, मग कुशीवर पडला आणि नेहमीसारखा नीटनेटका मेला.

पडदा पडल्यावर मेधा टॉवेल घेऊन धावली. अनीश शेजारी बसून स्वतःचा दंड दाबत होता.

"डावा ना, काका? कबसे?"

"तू शाळेत होतास." मग हळूच, "पाय तुझा चुकला नव्हता, भिया. मीच चुकलो."

मेधाने ते ऐकले. भुवईला टाके पडले, डोळा वाचला. पण धार गावी होणाऱ्या पुढच्या प्रयोगात किल्लेदाराचे काम मंडळातल्याच योगेंद्रला दिले, हे तिने दवाखान्यातच सांगितले. जयसिंगराव भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. दुर्गाबाईंनी तिला चहा विचारला नाही, पण दारापर्यंत सोडायला गेल्या आणि तिचा हात बराच वेळ हातात धरून उभ्या राहिल्या.

पुढच्या तालमीला जयसिंगराव लढाई शिकवायला आले, हातात वेताची काठी घेऊन. वार करताना बोलायचे नाही हा हुकूम मेधाने मागे घेतला होता. योगेंद्र किल्लेदाराच्या जागी उभा राहिला.

"पाठ," जयसिंगराव म्हणाले आणि त्यांनी काठी सपकन ओढली.

योगेंद्र कळवळला. "काका! तालमीत एवढ्या जोरात?"

"आधी सांगितलं होतं ना?" जयसिंगराव म्हणाले. "आता पोटरी."